रानातील शिळावर्तुळे

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोर्बियाँच्या आखातात एर लानिक नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्यावर प्रागैतिहासिक मानवाने मोठमोठ्या शिळा उभ्या करून दोन वर्तुळे रचली होती. पुढे सागराची पातळी चढत गेली. आज त्यांतील एक वर्तुळ अर्धवट जमिनीवर उरले असून दुसरे पाण्याखाली गेले आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रांतांस सागर नाही. तरीही येथील प्राचीन दफनस्थाने दिसेनाशी होत आहेत, आणि ती गिळणारा सागर कोणता, याचा विचार आमच्या सुशिक्षित वर्गात फारसा झालेला नाही.

विदर्भाच्या माळरानांवर काळ्या दगडांची गोलाकार कडी पुष्कळ ठिकाणी आढळतात. आत माती व मुरूम भरलेला असतो आणि मधला भाग किंचित उंचवट्याचा असतो. ही गवळी राजांची ठाणी होत, अशी लोकसमजूत पूर्वी ऐकू येई. 1867 मध्ये, म्हणजे नागपुरास आगगाडी आली त्याच वर्षी, रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने नागपूरजवळील जुनापाणी येथील काही वर्तुळे खणून पाहिली, आणि 1879 मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हा गृहस्थ सरकारचा कापूस-कमिशनर होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या कापसाच्या वाढीसाठी त्याची नेमणूक झाली, त्याच कापसाच्या नांगराने पुढे कितीतरी माळ मोडले असतील! पण त्या वर्तुळांकडे कुतूहलाने पाहणारा तोच होता, हेही नाकारता येत नाही.

पुढे डॉ. शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनी 1968 पासून टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे पद्धतशीर उत्खनने केली आणि या मूक दगडांस वाचा फुटली. मृतांबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, काळी-तांबडी मडकी व मणी पुरलेले सापडले. माहुरझरीस तर घोड्यांचे सांगाडे त्यांच्या तांब्याच्या आभूषणांसह मिळाले. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच उघडकीस आली. ही माणसे ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे बुद्धाच्या काळाच्या मागेपुढे, येथे नांदत होती. गिरणी-कारखान्यांविषयी अभिमान बाळगणाऱ्या विदर्भाने आपल्या पहिल्या लोहारांची ओळख करून घेण्यास इतका उशीर लावावा, याचे आम्हांस नवल वाटते.

नागपूरकडून पूर्वेस व दक्षिणेस वळले की रचनेचा प्रकारही बदलतो. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात हिरापूर येथे उभ्या शिळांवर प्रचंड आडवी शिळा ठेवून केलेली दगडी दालने आहेत. एवढी शिळा उचलावयास किती हात लागले असतील, आणि तेवढे हात एका मृतासाठी एकत्र येत असतील तर त्या समाजाची घडी कशी असेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहात नाही.

आता नाशाचा प्रकार पाहा. वर्तुळाचे दगड बैलगाडीत घालून नेता येतील अशा बेताचे असतात. धुऱ्यावर रचावयास, घराच्या जोत्यास, विहिरीच्या बांधणीस ते आयते मिळतात. आतला मुरूम रस्त्यास चालतो. बांधी काढावयाची म्हणजे दगड बाजूस सारलेच पाहिजेत. गुप्तधनाच्या आशेने खणणारा निराळा. त्याच्या हाती गंजलेली कुऱ्हाड आणि खापरे लागतात व तो ती फेकून देतो. वर्धेच्या खोऱ्यात कोळशाची उघडी खाण जेथे पसरते, तेथे माती व मुरूम दोन्ही उचलले जातात. यांपैकी शेतकऱ्यास दोष देणे आम्हांस पटत नाही. दगड हलविला तर काय मोडते, हे त्यास कोणी सांगितलेच नाही. वास्तविक या स्मारकात दगडाला मोल नाही. मोल आहे ते मांडणीला. कोणते मडके कोणाच्या कोणत्या अंगास ठेवले होते, घोडा कोठे होता, हे एकदा विस्कटले की उरते ती नुसती मोडतोड. उत्खननही एका अर्थी नाशच असतो. फरक इतकाच की खणणारा ती मांडणी कागदावर उतरवून ठेवतो.

याच प्रदेशात एक जिवंत नवल आहे. भामरागडच्या अरण्यात माडिया लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ आजही शिळा उभारतात. इंद्रावतीपलीकडील बस्तरातील माडियांच्या अशाच चालीचे वर्णन ग्रिग्सन यांनी 1938 च्या आपल्या ग्रंथात केले आहे. यावरून माडिया हे त्या वर्तुळकारांचे वंशज होत, असे ठरविण्याची घाई कोणी करू नये; मध्ये अडीच हजार वर्षांचे अंतर आहे आणि चाली एका जमातीतून दुसरीत जातात. परंतु भेद मात्र डोळ्यांत भरतो. माडियाची शिळा कोणाची, हे गाव सांगते, म्हणून तिला कोणी हात लावीत नाही. शिळावर्तुळास असा सांगणारा उरलेला नाही.

1958 चा केंद्राचा व 1960 चा महाराष्ट्राचा असे दोन कायदे प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी आहेत. पण विशेष संरक्षण मिळते ते घोषित झालेल्या स्मारकास, आणि ज्याचा पत्ताच कोणत्या यादीत नाही ते घोषित कसे व्हावे? उत्खननास पैसा व वर्षे लागतात. नोंदीस तितके लागत नाही. तलाठ्याच्या दप्तरातील गावनकाशावर भूमापन क्रमांकाशेजारी वर्तुळांची संख्या, व्यास व दगडांची स्थिती लिहावी. गावच्या शाळेतील मुलांनी दोरी धरून मापे घेतली तरी चालतील. चिमूर, नागभीड, आरमोरी, चामोर्शी या तालुक्यांतील शिक्षकांनी एका उन्हाळ्यात हे काम हाती घेतले, तर पुढच्या नांगरणीपूर्वी काय शिल्लक आहे तेवढे तरी कळेल.