तेर्स : एका अंतर्मुख प्रार्थनेचा इतिहास

ऑक्टोबर महिना उजाडला की आमच्या मालवण किनाऱ्यावरील ख्रिस्ती वाड्यांतून तिन्हीसांजेला तेर्साचे स्वर ऐकू येऊ लागतात. कधी खुरसापुढे, कधी कुणाच्या ओटीवर, समुद्राच्या गाजेत मिसळलेले. अशाच एका संध्याकाळी तेर्स आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माउली आम्हांला म्हणाली, "फादर, ध्यानबिन आमका जमणा नाय. ता मठातल्या लोकांचा काम. आमी आपले मणी मोजतंव."

तिच्या बोलण्यात नम्रता होती. परंतु एक ऐतिहासिक चूकही होती. ती चूक तिची नव्हे, आम्हा धर्मगुरूंची आहे. ध्यानसाधना मठवासीयांसाठी आणि जपमाळ संसारी माणसांसाठी, अशी वाटणी आम्हीच नकळत करून ठेवली. वस्तुतः तिच्या हातातील माळ ही मध्ययुगाच्या अखेरच्या काळातील अंतर्मुख साधनेची थेट वारसदार आहे.

ही माळ संत डॉमिनिक यांना पवित्र मरियेने स्वहस्ते दिली, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. आम्हीही अनेक वर्षे वेदीवरून तेच सांगत आलो. सेमिनरीतील इतिहासाच्या तासाला वेगळे शिकलो होतो, तरी सांगत आलो. लोकांच्या भाविकतेला धक्का कशाला द्यावा, असे वाटे. संत डॉमिनिक 1221 साली निवर्तले. त्यांच्या समकालीन चरित्रांत या घटनेचा मागमूस नाही. ही कथा पसरली ती पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आलां दे ला रोश या डॉमिनिकन प्रवचनकाराच्या तोंडून. त्याने माळेचा प्रसार केला, भक्तमंडळे उभारली, हे त्याचे ऋण मोठेच. पण त्याच्या कथेला इतिहास म्हणता येत नाही.

मग इतिहास काय सांगतो? मठांमध्ये दीडशे स्तोत्रे गाण्याचा परिपाठ होता. ज्यांना लॅटिन वाचता येत नसे ते त्याऐवजी दीडशे वेळा प्रभूची प्रार्थना किंवा 'नमो मरिया' म्हणत. मोजण्यासाठी गाठी किंवा मणी. येथवर ती खरोखरच मोजणीची प्रार्थना होती. ती अंतर्मुख झाली ती पुढे.

जर्मनीतील त्रियर नगराजवळच्या कार्थुशियन मठात 1409 साली एक तरुण दाखल झाला. तारुण्यात भरकटलेला, मनाने खचलेला. त्याचेही नाव योगायोगाने डॉमिनिक. इतिहास त्याला प्रशियाचा डॉमिनिक म्हणून ओळखतो. त्याने पन्नास 'नमो मरियां'ना प्रभूच्या जीवनातील पन्नास लहान वाक्ये जोडली. येथे एक बारकावा ध्यानी घेतला पाहिजे. त्या काळी ही प्रार्थना साधारणपणे येशूच्या नावापाशीच संपत असे. 'पवित्र मरिये' हा उत्तरार्ध आजच्या रूपात स्थिरावला तो सोळाव्या शतकात. त्यामुळे येशूचे नाव उच्चारले की लगेच त्याच्याविषयीचे एक वाक्य यायचे: जो गोठ्यात जन्मला, ज्याला मागी लोकांनी वंदन केले, जो वधस्तंभावर तहानला. ओठ तीच प्रार्थना पुन्हा म्हणत आणि मन मात्र दर मण्याला एक पाऊल पुढे, बेथलेहेमहून कालवारीकडे चालत जाई.

याचे पहिलेपण दीर्घकाळ याच डॉमिनिककडे होते. अलीकडे, 1977 मध्ये, आन्द्रेआस हाइन्झ या अभ्यासकाने त्रियरच्याच परिसरातील सिस्टर्शियन भगिनींच्या मठातील एक हस्तलिखित उजेडात आणले. ते सुमारे 1300 सालचे असून त्यात अशीच वाक्ये आढळतात. म्हणजे मणी आणि मनन यांची सांगड पुरुषांच्या शतकभर आधी स्त्रियांनी घातली होती. आमच्या वाड्यांत तेर्स कोण चालवते हे पाहता आम्हांला याचे नवल वाटले नाही.

प्रभूचे जीवन जणू आपण तेथे हजर आहोत असे मनश्चक्षूंनी पाहावे, ही या काळाची खास देणगी. चौदाव्या शतकात लुडोल्फ या कार्थुशियनाने लिहिलेले प्रभूचे विस्तृत चरित्र याच पद्धतीचे आहे. 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस लोयोलांच्या हाती हेच पुस्तक पडले आणि पुढे त्यांनी आपल्या अध्यात्मसाधनेत ते 'पाहणे' गोवले: बेथलेहेमची वाट किती लांब, किती रुंद, ती गुहा केवढी.

इग्नेशियसच्या संघातील एक इंग्रज तरुण 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास उतरला. फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचा जन्म 1549 चा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॅटिन मिस्सा हटवून नवे प्रार्थनापुस्तक सक्तीचे करण्यात आले. मध्ययुगाच्या अखेरीस भाविकता कोमेजली होती, असे पूर्वीचे इतिहासकार मानीत. एमन डफी यांनी 1992 च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधील धर्मग्रामांचे दप्तर तपासून दाखवून दिले की, ती सामान्य माणसांत चांगली जिवंत होती. ती वाळली नाही, वरून तोडली गेली. जी भाविकता स्वदेशी उखडली जात असता स्टीफन्स वाढले, तिचे बीज त्यांनी साष्टीत येऊन मराठीत पेरले, असे आम्हांला वाटते. त्यांचे क्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. दुसरा भाग प्रभूच्या जीवनाचा. आपली जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना कानांना आणि मनाला काही हवे होते. हा ग्रंथ देवळांतून आणि घरांतून गाऊन ऐकवला जाई. ज्याला वाचता येत नसे त्याच्याही डोळ्यांपुढे गोठा, सरोवर, वधस्तंभ उभे राहत. मग तेर्स म्हणताना रहस्याचे नाव उच्चारले की मन रिकामे राहण्याचे कारण नव्हते.

संत पोप पायस पाचवे यांनी 1569 साली माळेला मान्यता देऊन तिचे रूप निश्चित केले. तोवर पंधरा रहस्यांचा प्रघात पडला होता आणि पन्नास वाक्ये बव्हंशी मागे पडली होती. पाच रहस्ये म्हणजे पंधरांचा तिसरा हिस्सा, पोर्तुगीजमध्ये 'तेर्सू', म्हणून आपला तेर्स. 2002 साली संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये जोडली, तेव्हापासून तो हिशेबाने चौथाई झाला आहे. शब्द मात्र कुणी बदललेला नाही, बदलूही नये. जर्मन भाषक प्रदेशांत येशूच्या नावापुढे वाक्य जोडण्याची रीत मात्र अद्याप चालू आहे, आणि याच पोपनी त्या रीतीचा गौरवाने उल्लेख केला आहे.

हे सारे त्या माउलीला एका बैठकीत सांगणे शक्य नव्हते. गेल्या ऑक्टोबरात आम्ही एवढेच केले की, तिच्या वाडीत एक दशक जुन्या रीतीने म्हणून पाहिले. ज्याने त्याने येशूच्या नावापाशी थांबून आपले एक वाक्य जोडायचे. प्रारंभी पंचाईत झाली. मुले एकमेकांकडे पाहून हसू लागली. पेज थंड होते आहे, असे कुणीतरी मागून पुटपुटलेही. एका शाळकरी मुलीने गोठ्यातले बाळ आणले, एकाने काट्यांचा मुकुट. माळ माउलीकडे आली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिचा धाकटा मुलगा त्या रात्री मासेमारीस गेलेला होता. येशूचे नाव उच्चारून ती म्हणाली, "जो वादळात होडयेत निजललो." आणि पुढच्या मण्यावर गेली.