सँडरसन, फ्रेडरिक विल्यम

(१३ मे १८५७ – १५ जून १९२२). इंग्रज विज्ञानशिक्षक व मुख्याध्यापक. लंडनच्या दक्षिणेकडील डलिच कॉलेजात ते सात वर्षे भौतिकी आणि रसायनशास्त्र शिकवीत होते. पुढे नॉर्दॅम्प्टनशरमधील औंडल या निवासी शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे सलग तीस वर्षे सांभाळले. प्रयोगशाळेतल्या कामाची रीत त्यांनी शाळेतल्या सगळ्याच विषयांना लावून पाहिली. त्यांचे नाव मुख्यतः या प्रयोगामुळे शिल्लक आहे. त्यांनी स्वतः फारसे लेखन केले नाही. त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती एच. जी. वेल्स यांनी लिहिलेल्या चरित्रातून येते, आणि ते चरित्र एका चाहत्याने लिहिलेले आहे हे ध्यानात ठेवावे लागते.

जन्म डरम परगण्यातील ब्रान्सपेथ या खेड्यात. वडील तेथल्या जमीनदारी इस्टेटीच्या कचेरीत नोकरीला होते. सँडरसन यांनी शिकवायला सुरुवात केली ती गावच्या शाळेत, विद्यार्थी-शिक्षक म्हणून. वरच्या वर्गात शिकायचे आणि खालच्या वर्गाला शिकवायचे, ही गरीब घरच्या हुशार मुलाला त्या काळी उपलब्ध असलेली नेहमीची वाट होती. शिष्यवृत्ती मिळवून ते धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी डरम विद्यापीठात गेले. पाद्री होण्याचा विचार होता. प्रत्यक्षात गणित आणि भौतिक विज्ञानांतच त्यांनी चमक दाखवली. तेथून केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात जाऊन गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते अकरावे रँग्लर झाले. (रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे मराठी वाचकाच्या कानावरून गेलेली पदवी ती हीच, परांजपे १८९९ मध्ये पहिल्या क्रमांकाचे म्हणजे सीनियर रँग्लर होते.) पाद्रीपणाची दीक्षा सँडरसन यांनी घेतली नाही. धर्मभावना मात्र शेवटपर्यंत होती. शाळेच्या चॅपेलमध्ये ते प्रवचने देत, आणि संतमहंतांच्या बरोबरीने फॅरडेसारख्या शास्त्रज्ञांची नावे त्यांत भक्तिभावाने घेत.

१८८५ मध्ये ते डलिच कॉलेजात रुजू झाले. त्या काळच्या इंग्लिश पब्लिक स्कूलमध्ये विज्ञानाची जागा मागच्या दाराजवळ असे. (‘पब्लिक’ हे नुसते नाव, या भरभक्कम फी घेणाऱ्या खाजगी शाळा.) लॅटिन-ग्रीक हा खरा अभ्यास, आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी आधुनिक विषय, अशी सरसकट समजूत होती. विज्ञानाचा तास म्हणजे शिक्षकाने टेबलावर दोन रसायने मिसळून दाखवायची आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे. सँडरसन यांनी डलिचला अभियांत्रिकीची स्वतंत्र शाखा उभी केली आणि मुलांना खऱ्या यंत्रांवर काम करायला लावले. कारखान्यात ज्या तऱ्हेचे काम चालते त्या तऱ्हेचे काम शाळेत चालले पाहिजे, हा आग्रह येथेच पक्का झाला.

या कामाकडे पाहूनच औंडलच्या चालकांनी त्यांना १८९२ मध्ये मुख्याध्यापक नेमले. नीन नदीकाठच्या या लहान गावातली शाळा जुनी होती. लंडनचे महापौर झालेले व्यापारी सर विल्यम लॅक्स्टन यांच्या मृत्युपत्रानुसार ती १५५६ मध्ये सुरू झाली होती आणि लॅक्स्टन ज्या ग्रोसर्स कंपनीचे सभासद, तीच व्यापारी संस्था शाळेचा कारभार पाहत होती. सँडरसन आले तेव्हा शाळेत जेमतेम ९२ मुले उरली होती. व्यापाऱ्यांच्या मंडळाने विज्ञानाच्या माणसावर पैज लावली ती शाळा बुडू नये म्हणून. त्यामागे शिक्षणविषयक फार मोठी दूरदृष्टी होती असे मानण्याचे कारण नाही.

पहिली काही वर्षे वाईट गेली. नवा मुख्याध्यापक स्वतः पब्लिक स्कूलमध्ये शिकलेला नव्हता, पाद्री नव्हता, मैदानावर नाव काढणारा नव्हता, आणि बोलण्यात डरमकडचा गावरान हेल होता. जुन्या शिक्षकांना तो उपरा वाटला आणि मुलांनी त्यांचाच कित्ता गिरवला. सँडरसन यांचा स्वभावही तापट होता. चरित्रकार वेल्स लपवीत नाहीत की या काळात त्यांच्या हातातली छडी वारंवार आणि रागाच्या भरात चालत असे. पुढे ती कमी होत गेली. मुलांना मनाजोगते काम मिळाले की शिस्तीचा प्रश्न आपोआप मागे पडतो, हे त्यांच्याच अनुभवाला आले.

त्यांच्या शिक्षणविचाराचे मूळ एका साध्या निरीक्षणात होते. वर्गात शिक्षक प्रश्न विचारतो, पाचसहा चलाख मुले उत्तर देतात आणि बाकीचा वर्ग प्रेक्षक होऊन बसतो. परीक्षा आणि क्रमांक या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब करतात. कार्यशाळेत मात्र असे होत नाही. एंजिन बनवायचे तर कोणी साचा करतो, कोणी ओतकाम, कोणी लेथवर दट्ट्या कातून काढतो. एकाचा भाग चुकला तर दुसऱ्याचा त्यात बसत नाही, त्यामुळे मागे पडलेल्या मुलाचीही सर्वांना गरज पडते. स्पर्धेऐवजी सहकार्य हे सँडरसन यांचे पालुपद होते. ते उपदेशात न ठेवता कामाच्या वाटणीतच त्यांनी बसवले.

औंडलमध्ये लोहारकामाची भट्टी, ओतशाळा, धातुकाम आणि सुतारकामाच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. वेधशाळा, वनस्पतींची बाग आणि प्रयोगांसाठी शेतही आले. विज्ञानाची स्वतंत्र इमारत १९१४ मध्ये उघडली. प्रत्येक मुलाने सत्रातला एक पूर्ण आठवडा नेहमीचे वर्ग सोडून कार्यशाळेत घालवायचा असा नियम होता, आणि लॅटिन शिकणाऱ्यांनाही त्यातून सूट नव्हती. घरी नेऊन आईला दाखवायची शोभेची वस्तू तेथे बनत नसे. मोठ्या यंत्राचा एखादा खराखुरा भाग हातात येई. पहिल्या महायुद्धात याच कार्यशाळांतून युद्धसाहित्याचे भाग तयार होऊन बाहेर गेले.

प्रयोगशाळांना कुलूप लावायचे नाही, हा त्यांचा दंडक विशेष गाजला. शाळा सुटल्यावरही ज्याला एखादा प्रयोग पुढे न्यायचा असेल त्याने खुशाल आत जावे. काही फुटेल, काही जळेल, एखादी गोष्ट चोरीलाही जाईल. तो धोका पत्करण्याजोगा आहे असे त्यांचे मत होते. निवासी शाळेत हे शक्य होते, कारण मुले आणि प्रयोगशाळा रात्रंदिवस एकाच आवारात होती. दिवसा भरणाऱ्या शाळेने ही गोष्ट जशीच्या तशी उचलणे सोपे नाही, आणि सँडरसन यांचे गुणगान करणारे बहुतेक लेखक या फरकाकडे डोळेझाक करतात.

हीच रीत त्यांनी इतिहास आणि वाङ्मयाला लावली. शेक्सपिअरचे नाटक किंवा इतिहासातला एखादा कालखंड घेऊन वर्गाचे गट पाडायचे, प्रत्येक गटाने ग्रंथालयात जाऊन आपल्या वाट्याचा भाग खणून काढायचा आणि मग सर्वांसमोर मांडायचा. त्यामुळे ग्रंथालय शोभेचे न राहता प्रयोगशाळेच्या पंक्तीला बसले. अलीकडे प्रकल्प-पद्धती म्हणून जे सांगितले जाते त्याचा हा पूर्वावतार. वर्षातून एकदा ‘कॉन्व्हर्साझिओने’ भरे. त्या काळी विद्वत्सभा अशा नावाने प्रयोगांची प्रदर्शने भरवीत. औंडलच्या प्रदर्शनात मात्र शेकडो मुले आपापला चालू प्रयोग घेऊन उभी असत आणि पाहुण्यांना तो समजावून सांगत.

या उपक्रमांच्या जोरावर शाळा वाढत गेली. सँडरसन यांच्या अखेरच्या वर्षांत मुलांची संख्या पाचशेच्या पलीकडे गेली होती. विज्ञानामुळे बाकीच्या गोष्टी मागे पडल्या असेही झाले नाही. बाखची ‘बी मायनर मास’ ही अवघड रचना सबंध शाळेने मिळून गायली. निवडक गळ्यांचे गायकवृंद सँडरसन यांना मानवणारे नव्हतेच.

जोसेफ नीडम हे औंडलचे बहुधा सर्वांत नामवंत विद्यार्थी. १९१४ ते १९१८ अशी चार वर्षे ते तेथे होते. पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवल्यावर ते चीनमधील विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले आणि तो बहुखंडी प्रकल्प त्यांनी जन्मभर चालवला. यंत्रे कशी चालतात हे हाताने शिकल्याचा आणि गोष्टींचा विचार व्यापक पटावर करण्याचा धडा आपल्याला सँडरसन यांच्याकडून मिळाला, असे ते सांगत.

वेल्स यांचे दोन मुलगे, जिप आणि फ्रँक, याच शाळेत शिकले. वेल्स स्वतः तरुणपणी शाळांत विज्ञान शिकवत असत, त्यामुळे पालक म्हणून त्यांच्या मागण्याही काही साध्या नव्हत्या. मुलांना मृत भाषांऐवजी रशियन शिकवा, असे त्यांनी सुचवले. दुसरा मुख्याध्यापक हसून विषय बदलता. सँडरसन यांनी शाळेत रशियनचा वर्ग सुरू केला. १९२० मध्ये वेल्स क्रांतीनंतरच्या रशियात गेले तेव्हा ही भाषा शिकलेला थोरला जिप त्यांच्या सोबत होता. पुढे जिप, म्हणजे जॉर्ज फिलिप वेल्स, प्राणिशास्त्रज्ञ झाले. वेल्स यांच्या ‘द अनडाइंग फायर’ (१९१९) या कादंबरीतील मुख्याध्यापक जोब हस हे पात्र सँडरसन यांच्यावरून बेतलेले आहे.

महायुद्धाने सँडरसन यांना आतून हलवले. औंडलची कितीतरी मुले परत आली नाहीत. १९१८ मध्ये त्यांचा स्वतःचा थोरला मुलगाही मारला गेला. शाळेतून गेलेला एरिक यॅरो १९१५ मध्ये पडला होता. त्याचे वडील, जहाजबांधणी उद्योजक सर आल्फ्रेड यॅरो, यांनी त्याच्या स्मरणार्थ शाळेला एक इमारत दिली. मानवजातीने आजवर काय मिळवले याचे नकाशे आणि तक्ते तेथे मांडायचे आणि मुलाने एकट्याने जाऊन विचार करत बसावे, अशी सँडरसन यांची कल्पना होती. तिला ते ‘दर्शनमंदिर’ अशा अर्थाचे नाव देत. कल्पना पुरती आकाराला आली नाही. या काळातली त्यांची भाषणे विस्कळीत, भारावलेली आणि काहीशी प्रेषितासारखी आहेत. लेथ आणि भट्टीविषयी बोलताना ते जितके नेमके असत, तितके नव्या जगाविषयी बोलताना राहत नसत.

१५ जून १९२२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विज्ञान-कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेपुढे ‘नव्या युगात विज्ञानाचे कर्तव्य आणि सेवा’ या आशयाच्या विषयावर त्यांचे व्याख्यान झाले. वेल्स अध्यक्ष होते. व्याख्यान संपून प्रश्नोत्तरे सुरू होणार एवढ्यात सँडरसन व्यासपीठावर कोसळले आणि तेथेच हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला.

अधिकृत चरित्राचे काम वेल्स यांच्याकडे आले, पण सँडरसन यांच्या पत्नीशी त्यांचे जमले नाही. कुटुंबाला आदर्श पुरुष हवा होता. वेल्स यांना त्याचा राग, अडखळणे आणि रूढ धर्माशी झालेली ओढाताणही नोंदवायची होती. अखेर ‘सँडरसन ऑफ औंडल’ (१९२३) हा अनेक सहकारी आणि विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ लेखकनामाविना निघाला आणि वेल्स यांनी ‘द स्टोरी ऑफ अ ग्रेट स्कूलमास्टर’ (१९२४) स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. दुसरा अधिक वाचनीय आहे. आपण जितके जण ओळखतो त्यांत सँडरसन हे निःसंशय सर्वांत थोर, असा वेल्स यांचा सूर त्यात आहे. तो थोडा उतरवून घेतला तरी चित्र पटण्याजोगे उरते. एक प्रश्न मात्र दोन्ही ग्रंथांत नीट उपस्थित होत नाही. कारखान्यातल्या सहकार्याचे हे सगळे धडे ज्यांना मिळाले ती मुले मुख्यतः फी परवडणाऱ्या घरांतली होती. ब्रान्सपेथच्या गावशाळेत शिकवणाऱ्या पोरसवद्या शिक्षकाला औंडलमध्ये विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळणे कठीणच होते.

त्यांच्यानंतर रसायनशास्त्रज्ञ केनेथ फिशर मुख्याध्यापक झाले आणि शाळेचा विज्ञानाकडचा ओढा टिकला. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्झ १९५० च्या दशकात औंडलमध्ये शिकले. सँडरसन यांच्यावरील २००२ मधल्या लेखात ते एक तास आठवतात. शिक्षकांनी विचारले, हायड्राला कोणता प्राणी खातो? मुलांनी एकेक करून अंदाज केले आणि शेवटी सगळा वर्ग खऱ्या उत्तरासाठी शिक्षकांकडे पाहू लागला. ते म्हणाले, मलाही ठाऊक नाही. आणि शेजारच्या वर्गावरच्या सहकाऱ्याला हाताला धरून घेऊन आले. त्यालाही ठाऊक नव्हते. हे शिक्षक सँडरसन यांच्या कीर्तीने ओढले जाऊन या शाळेत आले होते. कार्यशाळेविषयी मात्र डॉकिन्झ यांची तक्रार आहे: आठवड्याचा नियम चालू होता, पण ठरवून दिलेल्या नमुन्याबरहुकूम वस्तू करण्यापुरताच. यॅरोच्या स्मरणार्थ बांधलेल्या इमारतीत पुढे कलादालन आले.