गाडी मालकाची, पाय दुसऱ्याचा

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतून हुपरीकडे जाणारी कुठलीही मोटारसायकल थांबवा आणि मालकाला विम्याचा कागद काढायला सांगा. गाडी कशासाठी वापरायची नाही, याची यादी त्यात छापलेली असते: भाड्यानं देणं, संघटित शर्यत, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल आणि स्पीड टेस्टिंग. डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसाला वेगचाचणी करू नका म्हणून बजावणारा हा कागद जरा विनोदीच वाटतो. पण हेच कलम कोटींच्या स्पोर्ट्स कारच्या पॉलिसीतही असतं आणि तिथं ते चांगलंच बोचतं. कारण स्वतःची गाडी मासिकाच्या हाती सोपवायची, त्यांनी ती ट्रॅकवर पिळून काढायची आणि आकडे छापायचे, हा मोटारींच्या जगातला एक जुना रिवाज आहे. त्यात मालकाला विम्याचं छत्र नसतं. भाडं घ्यावं म्हटलं, तर तेही त्याच यादीत.

हा रिवाज पडला कसा?

मोटारी आल्या तेव्हा त्यांचा वेग मोजायला मुळात जागाच नव्हती. इंग्लंडात १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा ट्रॅक झाला, कडेला उंच उचललेल्या वळणांचा, खास मोटारींसाठी बांधलेला. ‘द ऑटोकार’ हे साप्ताहिक १८९५ पासून निघत होतं, पण ठरावीक पद्धतीनं आकडे मोजून छापलेली ‘रोड टेस्ट’ त्यात सुरू झाली ती १९२८ मध्ये. पहिला मान ऑस्टिन सेव्हनला मिळाला. १९३९ मध्ये युद्ध आलं, ब्रुकलँड्स विमानांच्या कारखान्यात गेलं आणि शर्यती कायमच्या थांबल्या. युद्धानंतर ब्रिटनमधल्या चाचण्यांसाठी मिरा ही संस्था उभी राहिली, तीही हवाई दलानं सोडलेल्या तळावर. पुढं बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या टीव्ही कार्यक्रमाचा डन्सफोल्ड ट्रॅक विमानतळावरच, मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतीही युद्धकाळातल्या धावपट्टीवरच. विमानं उठून गेली की मोटारी येऊन बसतात, असंच म्हणायचं.

सुरुवातीला गाड्या कंपन्याच द्यायच्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मालकाची गाडी घेऊन चाचणी करण्याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं. १९४६ मध्ये टॉम मकॅहिल या लेखकानं ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाच्या गळी मोटारचाचणीची कल्पना उतरवली आणि पहिल्या लेखासाठी गाडी घेतली ती स्वतःची फोर्ड. मालक, चालक आणि परीक्षक एकच! शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंतचे सेकंद मोजण्याची चाल रूढ करण्याचं श्रेयही त्यालाच देतात.

कंपनीनं दिलेल्या गाडीवर किती विसंबायचं, याचा धडा मिळाला १९६४ मध्ये. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानं मार्चच्या अंकात पाँटिअॅक जीटीओची तुलना फेरारी जीटीओशी केली. पाँटिअॅकनं नावच मुळी फेरारीकडून उचललेलं. अंकात या पाँटिअॅकनं शून्य ते ६० मैल फक्त ४.६ सेकंदांत गाठल्याचं छापून आलं आणि एकच गवगवा झाला. पाँटिअॅकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्सनं पुढं कबूल केलं, की बॉनेटखाली ३८९ घनइंचांऐवजी ४२१ घनइंचांचं इंजिन बसवलं होतं. शोरूममधून तीच गाडी नेणाऱ्याच्या वाट्याला अर्थातच ३८९ येणार.

यावर एक उपाय होता. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’वाले आपली ओळख न सांगता दुकानातून गाडी विकत घेतात आणि मग तपासतात. सोवळं राखायचं तर एवढं कडक. पण चाचणीसाठी फेरारी विकत घ्यायची ऐपत किती मासिकांची? मग उरतो तो मालक, ज्यानं स्वतःचे पैसे मोजून चारचौघांसारखीच गाडी घेतली आहे.

फेरारीच्या बाबतीत तर हा मालक फारच लागतो. २००४ च्या सुमारास ‘टॉप गिअर’ला फेरारीची एन्झो ही गाडी हवी होती आणि कंपनी देईना. पिंक फ्लॉइडचा ड्रमवादक निक मेसननं आपली दिली. अट एकच: त्याच्या ‘इनसाइड आउट’ या पुस्तकाचा उल्लेख झाला पाहिजे. कार्यक्रमाचा सूत्रधार जेरेमी क्लार्कसननं तो इतक्या वेळा आणि इतक्या आडवळणांनी केला, की गाडीइतकंच पुस्तकही लोकांच्या लक्षात राहिलं. पैशांच्या व्यवहारापेक्षा हा सौदा कितीतरी रसिक. २०११ मध्ये ख्रिस हॅरिस या पत्रकारानं तर उघडच लिहिलं, की फेरारी चाचणीसाठी खास तयार केलेल्या गाड्या पाठवते.

भारतात अडचण वेगळी होती. इथं फसवायलासुद्धा कंपनीची गाडी नव्हती. ‘ओव्हरड्राइव्ह’ हे मासिक १९९८ मध्ये सुरू झालं, ‘ऑटोकार इंडिया’ १९९९ मध्ये, पण फेरारीचा अधिकृत विक्रेता उजाडला २०११ मध्ये. तोवर फेरारीचे आकडे काढायचे, तर परदेशी जायचं नाहीतर कुणा मालकाचं दार वाजवायचं.

मालकानं अशी वापरायला दिलेल्या गाड्यांतली सगळ्यांत गाजलेली एका मराठी माणसाची. सचिन तेंडुलकरनं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, त्याबद्दल फियाटनं त्याला फेरारीची ३६० मोडेना दिली. २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून ती त्याला मिळाली. सुमारे १ कोटी १३ लाखांची आयात-ड्यूटी माफ केल्यावरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी ती रक्कम फियाटनं भरली. पुढं ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडं गेली आणि त्यानं ती चक्क वापरायला दिली. मासिकाला नव्हे, सिनेमाला. राजेश मापुसकरांचा ‘फेरारी की सवारी’ २०१२ मध्ये आला. मुलासाठी सचिनची गाडी न विचारता नेणाऱ्या बापाची ती गोष्ट. पडद्यावर गाडी चोरून नेतात, प्रत्यक्षात मालकानं ती आपणहून दिलेली. मराठी घरांत फेरारी इतक्या जवळून पाहिली गेली ती बहुधा तेव्हाच.

सिनेमाला गाडी देणं त्या मानानं सोपं. तिथं ती हळू चालवूनही वेगात दाखवता येते. ट्रॅकवर तसं नाही. टायर थंड असतानाच हवा मोजून ठेवतात. उपग्रहाच्या आधारानं वेग मोजणाऱ्या व्हीबॉक्सची अँटेना छपराला चुंबकानं चिकटते, पण ३६० मोडेनाचं अंग अॅल्युमिनियमचं, तिथं चुंबक धरत नाही. मग रंगाला डाग पडणार नाही अशा बेतानं टेप लावायची. वारा पाठीवर घेऊन मिळालेला आकडा खोटा, म्हणून दोन्ही दिशांना धाव घेऊन सरासरी काढायची. या सगळ्यात खरी झीज होते क्लचची. रेव्ह चढवून जागेवरून गाडी सोडायची, पुन्हा पुन्हा. जळक्या क्लचचा वास आला, की बाजूला उभ्या मालकाचा चेहरा वाचण्यासारखा होतो. म्हणून किती वेळा सोडायची, स्टिअरिंगवर कोण बसणार आणि टायरचा खर्च कुणाचा, हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

कोल्हापूरला वेगाचं वेड नवं नाही. मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. पण तो ट्रॅक कार्टचा. तिथं फेरारीला दुसऱ्या गिअरच्या पुढं जायला वाव मिळायचा नाही. सरळ, रुंद, गुळगुळीत असा पट्टा या भागात एकच, गडमुडशिंगीला लागून असलेल्या उजळाईवाडीच्या विमानतळाचा. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये हा विमानतळ सुरू झाला. तिथली धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटर झाली, पुढं २,३०० मीटरचा बेत आखला गेला आणि त्या विस्तारात गडमुडशिंगीच्या जमिनीचा प्रश्न बरीच वर्षं गाजला. ताशी २०० किलोमीटर गाठून पुन्हा थांबायला एवढी लांबी पुरून उरेल. पण इथून विमानं उठून गेलेली नाहीत, उलट वाढताहेत. तेव्हा तो विषय संपला.

महाराष्ट्रात हौस भागते ती लोणावळ्याच्या पलीकडं, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर. ‘व्हॅली रन’ नावाच्या ड्रॅग शर्यतींना तिथं मालक आपापल्या गाड्या घेऊन येतात, पाय स्वतःचाच ठेवतात आणि वेळेचा आकडा हातात घेऊनच परततात. व्हीबॉक्ससारखी छोटी यंत्रं तर आता कुणालाही विकत मिळतात. तरी सवय झालेला परीक्षक त्याच गाडीची वेळ दोन दशांश सेकंदांनी कमी करून दाखवतो, आणि तेवढ्यासाठी अजूनही कुणीतरी आपली किल्ली त्याच्या हातावर ठेवतो.