प्लास्टरचे ऑस्कर

ऑस्करची सोनेरी बाहुली धातूची असते हे आपण जाणतो. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत धातूचा तुटवडा पडला आणि तीन वर्षे विजेत्यांच्या हाती चक्क रंगवलेल्या प्लास्टरच्या बाहुल्या आल्या!

प्लास्टरला धातूचे रूप देण्याचे काम आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांतही चालते. आधी पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, मग सोनेरी हात द्यायचा, खाचांत थोडा गडद रंग ठेवायचा. लांबून डोळा फसतो. हात मात्र फसत नाही, कारण धातूची बाहुली साडेआठ पौंडांची, म्हणजे जवळजवळ चार किलोंची. शिवाय प्लास्टर फुटते. बॅरी फिट्झगेराल्ड या नटाला १९४४ च्या 'गोइंग माय वे' चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. पुढे घरात गोल्फचा सराव करताना फटका बसला आणि बाहुलीचे मुंडके उडाले.

युद्ध संपल्यावर अकादमीने विजेत्यांना प्लास्टरच्या बाहुल्या देऊन सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूच्या बाहुल्या घेऊन जायला सांगितले. खोट्या नाण्याला मुलामा देतात तो फसवण्यासाठी. इथला रंग मला हुंडीसारखा वाटतो. ती उशिरा का होईना, वटली.

कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये मिळालेली बाहुली अस्सल धातूची. २०१२ मध्ये त्यांनी ती सुरक्षित राहावी म्हणून अकादमीकडेच सोपवली. प्लास्टरची असो वा धातूची, दोन्ही वेळा भरवसा देणाऱ्यावरच होता.