लाबुआनच्या मोत्याची कुळकथा

२० डिसेंबर १८४९ची रात्र. मोंप्राचेम बेटावर वादळ माजलंय. ‘मलायाचा वाघ’ म्हणवणारा संदोकान हा समुद्री चाचा यानेझ या आपल्या पोर्तुगीज मित्राची वाट बघत येरझाऱ्या घालतोय. यानेझ येतो. बोलता बोलता विषय निघतो शेजारच्या लाबुआन बेटावरच्या एका मुलीचा. तिचे केस सोन्यासारखे आहेत आणि लोक तिला ‘लाबुआनचा मोती’ म्हणतात. संदोकानने तिला पाहिलेलं नाही, वाचकानेही नाही. पण एवढ्या ऐकीव माहितीवर हा गडी गलबतं पाण्यात घालायला निघतो.

एमिलिओ साल्गारीच्या कादंबरीची ही सुरुवात. मुलीचं नाव मारियाना गिलोंक. इटालियन साहसपटांतल्या नायिकांचं मूळ शोधत मागे गेलं, की बऱ्याच वाटा या मारियानाच्या दारात येऊन थांबतात. १९७६ साली कारोल आंद्रे या नटीने ती टीव्हीवर साकारली. इटलीतली एक अख्खी पिढी आंद्रेला तिच्या स्वतःच्या नावापेक्षा ‘लाबुआनचा मोती’ म्हणूनच ओळखते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. नटीचं मात्र जरूर विचारावं. नटीकडे भूमिका येते तेव्हा तिच्या आधीच्या चार जणींनी ती वापरून झालेली असते.

मोत्याचं माहेर व्हेरोना. साल्गारीचा जन्म तिथला, १८६२चा. व्हेनिसच्या नौकानयन शाळेत गेला, पण परीक्षा काही पार पडली नाही. एड्रियाटिक समुद्रात थोडाफार फिरला, तेवढीच त्याची दर्यावर्दी कारकीर्द. तरी स्वतःला ‘कॅप्टन’ म्हणवून घ्यायचा. एका पत्रकाराने त्या कॅप्टनकीवर शंका घेतली, तर त्याच्याशी तलवारीने द्वंद्व खेळला. बोर्निओ, बंगाल, कॅरिबियन बेटं हे सगळं त्याने ग्रंथालयात बसून, नकाशे आणि प्रवासवर्णनं चाळून उभं केलं. संदोकानची गोष्ट १८८३पासून व्हेरोनाच्या ‘ला नुओवा आरेना’ या वृत्तपत्रात क्रमशः येऊ लागली आणि १९०० साली ‘मोंप्राचेमचे वाघ’ या अर्थाच्या नावाने पुस्तक झाली. लाबुआन हे खरंखुरं बेट. ब्रुनेईच्या सुलतानाने ते १८४६ साली इंग्रजांना दिलं. म्हणजे कादंबरी सुरू होते तेव्हा इंग्रज तिथे नुकते कुठे बूड टेकवत होते. या कादंबऱ्यांत येणारा सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रूक हाही इतिहासातला माणूस. मोंप्राचेम मात्र जुन्या नकाशांवर सापडतं, आजच्या नाही.

साल्गारीची खरी चलाखी मारियानाच्या रक्तात आहे. ती लाबुआनच्या लॉर्ड गिलोंक या इंग्रजाची पुतणी. इंग्रज तर कादंबरीचे खलनायक. त्यांच्याच घरातली पोरगी चाच्याच्या प्रेमात कशी पाडायची? साल्गारीने तिला इटालियन आई दिली आणि प्रश्न मिटवला! इटली देश म्हणून एक होऊन जेमतेम वीस-बावीस वर्षं झाली होती, वसाहतींच्या पंगतीत त्याला अजून धड पान मिळालेलं नव्हतं. अशा देशातल्या वाचकाला इंग्रजांना झोडपणारा आशियाई राजपुत्र मनापासून आपला वाटला, आणि त्याच्यासाठी घर सोडणाऱ्या मुलीत आपलं अर्धं रक्त आहे हेही सुखावून गेलं.

या भूमिकेचा साचा तिथेच ठरला. नायिका गोरी, शत्रूच्या घरातली. नायक जखमी होऊन तिच्याच छपराखाली येतो, ती त्याची शुश्रूषा करते, मग कळतं हा कोण ते. नायक तिच्यासाठी सगळ्यावर पाणी सोडायला तयार होतो. खरोखरच पहिल्या कादंबरीच्या शेवटी संदोकान बेट हरतो आणि मारियानाला घेऊन निघून जातो; वाघ प्रेमात पडून संपला, असा तो शेवट. पुढच्या पुस्तकांसाठी वाघ परत हवा होता. मग मारियानाचं काय करायचं? दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत साल्गारीने तिला मारून टाकलं. पुढची कादंबरी उघडावी तो संदोकान विधुर. नायिकेला मरतानाचा एक प्रसंगसुद्धा मिळाला नाही.

तिच्या जागी आली अ‍ॅडा कोरिशांट, आणि इथे आपला एक माणूस कथेत शिरतो. १८९५च्या ‘काळ्या जंगलाची रहस्यं’ या अर्थाच्या कादंबरीत सुंदरबनातल्या ठगांनी अ‍ॅडाला पळवून देवीची कुमारिका करून ठेवलेलं असतं. तिला सोडवणारा त्रेमाल-नाईक बंगाली शिकारी, आणि त्याचा इमानी साथीदार कम्मामुरी हा चक्क मराठा! साल्गारी त्याचा उल्लेख सतत ‘माहाराट्टो’ असाच करतो. कम्मामुरी हे नाव कुठल्या मराठा घरात ठेवतात ते देव जाणे. व्हेरोनाच्या ग्रंथालयात नावांची यादी मिळाली नसावी. पण हा मराठा साल्गारीच्या फार उपयोगी पडला. १८९६च्या ‘मलायाचे चाचे’मध्ये भ्रमिष्ट झालेल्या अ‍ॅडाला घेऊन जहाजाने निघालेला कम्मामुरी संदोकानच्या तावडीत सापडतो, आपल्या मालकाची कर्मकहाणी सांगतो, आणि बंगालची गोष्ट बोर्निओच्या गोष्टीला जोडली जाते. मदत करायला संदोकान तयार का होतो? तर अ‍ॅडा ही मारियानाची बहीण लागते, मावस-चुलत असं काहीतरी नातं काढून. म्हणजे दुसरी नायिकाही पहिलीच्याच घराण्यातली.

साल्गारीने ऐंशीच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. त्याने प्रकाशकांना गब्बर केलं आणि स्वतः कर्जात राहिला. पत्नीला वेड्यांच्या इस्पितळात दाखल करावं लागलं, त्यानंतर काही दिवसांतच, २५ एप्रिल १९११ रोजी, त्याने तोरिनोजवळच्या झाडीत आत्महत्या केली. तीनच वर्षांनी ‘काबिरिया’ हा भव्य मूकपट आला. त्याचं कथानक साल्गारीच्या कार्थेजवरच्या कादंबरीचं बरंच देणं लागतं. इटालियन साहसपटाचा मोठा पैसा असा त्याच्या मरणानंतर पडद्यावर खुळखुळला.

अ‍ॅडा पडद्यावर ठळकपणे दिसली ती १९४१च्या ‘मलायाचे चाचे’मध्ये. दिग्दर्शक एन्रीको ग्वात्सोनी, म्हणजे १९१३चा ‘क्वो व्हादिस’ काढणारा जुना खेळाडू. इटली तेव्हा इंग्लंडशी युद्धात होती. इंग्रजांना खलनायक करणारी तयार गोष्ट आणखी कुठे मिळणार? अ‍ॅडा झाली क्लारा कालामाई आणि त्रेमाल-नाईक झाला मास्सिमो जिरोत्ती. दोनच वर्षांनी व्हिस्कोंतीने हीच जोडी ‘ओस्सेस्सिओने’मध्ये घेतली. नववास्तववादाचा पाया म्हणून चित्रपटाच्या अभ्यासात तो शिकवतात. आधीचा चाच्यांचा चित्रपट कुणी शिकवत नाही. पण दोन्हीकडे माणसं तीच आहेत, आणि कालामाईच्या डोळ्यांतला धोकाही तोच.

युद्धानंतर या भूमिकेवर फ्रेंच शिक्का बसला. त्याचं कारण कलेत शोधू नये, हिशेबाच्या वहीत शोधावं. १९४९ साली इटली आणि फ्रान्स यांच्यात संयुक्त निर्मितीचा करार झाला. दोन्ही देशांचा पैसा आणि सवलती घ्यायच्या तर दोन्हीकडचे कलाकार घ्यायला हवेत. नायकाच्या जागी पुष्कळदा अमेरिकन पैलवान असे, कारण अमेरिकेत चित्रपट विकायचा असे. मग फ्रेंच नाव बसवायला उरली नायिका. भाषेची अडचण नव्हती. त्या काळी इटालियन चित्रपटांत आवाज बहुतेक वेळा मागाहून भरत. सेटवर एक जण इंग्रजी बोलतोय, दुसरी फ्रेंच, तिसरा इटालियन, आणि पडद्यावर सगळे शुद्ध इटालियन. नटीच्या दृष्टीने हा सौदा बरा नव्हे. आवाज दुसरीचा, संवाद मोजके, आणि मारामारी चालू असताना बाजूला उभं राहायचं. उरतात ते डोळे आणि चालणं.

१९५८च्या ‘हर्क्युलीस’ने माँटानाच्या स्टीव्ह रीव्ह्जला इटलीत देव करून टाकलं, आणि त्या लाटेत असे चित्रपट धडाधड निघाले. १९६०च्या ‘हर्क्युलीसचा सूड’ या अर्थाच्या चित्रपटात गाबी आंद्रे नावाची एक फ्रेंच नटी होती. तिची मुलगी कारोल तेव्हा सात वर्षांची. १९६३ साली उम्बेर्तो लेन्झीने ‘संदोकान’ काढला तेव्हा मुंडासं बांधून उभा राहिला स्टीव्ह रीव्ह्जच, आणि मारियाना झाली जनव्हिएव्ह ग्राद. फ्रान्समध्ये ती पुढच्याच वर्षी विनोदी ‘जाँदार्म’मधल्या हवालदाराची मुलगी म्हणून घराघरांत पोचली. १९६४च्या ‘मलायाचे चाचे’मध्ये झाकलीन सासार होती, चारच वर्षांनी ती शाब्रोलच्या चित्रपटात दिसली. दोघीही सुंदर, दोघींनाही काम बेताचं. रीव्ह्जच्या शेजारी उभं राहून आणखी काय करणार?

कारोल आंद्रेचा जन्म १९५३चा, पॅरिसचा, वाढली रोममध्ये. सेर्जो सोल्लिमाने तिला ‘फाच्चा आ फाच्चा’ या १९६७च्या वेस्टर्नमध्ये घेतलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सोल्लिमाचे वेस्टर्न सरळ बंदुकांचे नव्हते. सत्ता कुणाची, हिंसा कुणाची, हे प्रश्न त्यांत असत. मग फेर्रेरीच्या ‘डिलिंजर मेला’मध्ये छोटं काम, व्हिस्कोंतीच्या ‘डेथ इन व्हेनिस’मध्ये एस्मेराल्दा. आई १९७२ साली गेली.

त्यानंतर आली सोल्लिमाची ‘संदोकान’ मालिका. सहा भाग, राय या इटलीच्या सरकारी टीव्हीवर ६ जानेवारी १९७६पासून. मालिका रंगीत होती, पण इटलीत रंगीत टीव्ही रीतसर सुरू व्हायला अजून वर्ष होतं, त्यामुळे बहुतेकांनी मोत्याचे सोनेरी केस करड्या रंगात बघितले. जेम्स ब्रूक झाला ‘थंडरबॉल’मधला खलनायक आदोल्फो चेली. संदोकानसाठी मंडळी हिंदुस्तानात आली आणि मुंबईहून कबीर बेदीला घेऊन गेली. आपल्याकडे तोवर त्याच्या वाट्याला ‘कच्चे धागे’सारखी कामं आली होती, पुढे ‘खून भरी मांग’मध्ये तो रेखाला मगरीच्या तोंडी देणारा नवरा झाला. इटलीत तो आजही वाघ आहे. २०१० साली तिथल्या सरकारने त्याला किताब दिला.

या मालिकेतला वाघाचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. शिकारीला जमलेले इंग्रज बघत राहतात, संदोकान कट्यार घेऊन पुढे सरसावतो, वाघ झेप घेतो आणि हा हवेतच त्याच्या पोटाखाली जाऊन वार करतो. तंत्र आज बाळबोध वाटतं. मला त्या प्रसंगात बघण्यासारखी वाटते ती आंद्रे. तिला तिथे करायला काही नाही, फक्त बघायचं आहे. आणि या मुलीचा आपल्या घराशी असलेला धागा इथेच तुटला, हे ती नुसत्या बघण्यातून सांगते. सोल्लिमाने कादंबरीचा काटा नेमका इथे फिरवला. साल्गारीच्या पुस्तकात संदोकान मारियानासाठी लढा सोडतो. मालिकेत मारियाना लढ्याकडे येते, मोंप्राचेमवर लग्न करते, चाच्यांच्यात राहते आणि गोळी लागून मरते. साल्गारीने नाकारलेलं मरण तिला इथे मिळालं. लग्नानंतरची मारियाना शोभेची राहत नाही. ती बाजू निवडणारी बाई होते. बावीस वर्षांच्या नटीने ते पेललं, हे तिचं श्रेय. नायकाच्या दाढीवर लिहिताना समीक्षकांनी ते फारसं मोजलं नाही.

त्याच वर्षी सोल्लिमाने बेदी आणि आंद्रे हीच जोडी ‘कोर्सारो नेरो’मध्ये घेतली. तीही साल्गारीचीच गोष्ट, आणि आंद्रे पुन्हा शत्रूच्याच घरातली: व्हान गुल्डची मुलगी होनोराता. कादंबरीत नायक शपथेपायी तिला एकटीला होडीत बसवून भर समुद्रात सोडून देतो. दरम्यान आंद्रे ‘क्वेल्ली देल्ला कालिब्रो ३८’ या पोलीसपटातही दिसली. १९८३च्या ‘योर’मध्ये आदिमानव आणि अंतराळयानं एकाच चित्रपटात कोंबलेली होती, तिथेही ती होती. तोवर या धाटणीच्या चित्रपटांचा बाजारच उठत आला होता. पुढे तिने अभिनय मागे ठेवला आणि चिनेचित्ता स्टुडिओत आंतरराष्ट्रीय मार्केटिंगचं काम केलं. ज्या धंद्यात आईने आणि तिने पडद्यावर उमेदवारी केली, त्याच धंद्यासाठी ती परदेशी गिऱ्हाईक आणू लागली.

२०२५च्या अखेरीस रायने नवी ‘संदोकान’ मालिका आणली, नवा वाघ आणि नवी मारियाना घेऊन. माझं मत विचाराल तर मारियानांच्या रांगेत आंद्रेच्या जवळपास कुणी नाही, आणि अ‍ॅडांच्या रांगेत कालामाईच्या. साल्गारीच्या मुख्य कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरं मिळतात. मुंबईचा वाघ आणि रोमची मारियाना बघायची असेल तर १९७६ची मालिका शोधा. कम्मामुरीची गाठ घ्यायची असेल तर आधी ‘काळ्या जंगला’त शिरा.