नेटवर्क नसताना टेक्स्ट मेसेज? हॅम रेडिओवरून डिजिटल संदेश पाठवायला अशी करा सुरुवात

गोदाघाटावर पर्वणीची गर्दी आहे. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, पण व्हॉट्सॲपच्या मेसेजपुढचं घड्याळ काही हलत नाही. सणाच्या दिवशी पंचवटीत गेलेल्या कुठल्याही नाशिककराला हा अनुभव नवा नाही. टॉवर सुरू असतो, पण एका टॉवरला एका वेळी जितके फोन सांभाळता येतात त्याच्या कितीतरी पट फोन त्याच्याकडे धाव घेतात.

आता आकडा मोठा होणार आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला भरतोय. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता, हे शहर विसरलेलं नाही. अशा गर्दीत 'इकडे माणसं सोडू नका' एवढे चार शब्द वेळेवर पोहोचणं किती मोलाचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

मोबाइल टॉवर आणि इंटरनेट या दोन्हींशिवाय टेक्स्ट मेसेज पाठवता येतो का? येतो. त्यासाठी हॅम रेडिओ आहे. तो काय असतो, मेसेज कसा जातो आणि सुरुवात कुठून करायची, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

सरकारी परवाना घेऊन, कुठलाही आर्थिक फायदा न बघता, हौस आणि शिकण्यासाठी वापरला जाणारा रेडिओ म्हणजे हौशी किंवा हॅम रेडिओ. प्रत्येक परवानाधारकाला एक कॉल साइन मिळते. भारतात ती साधारणपणे 'व्हीयू२' किंवा 'व्हीयू३' ने सुरू होते. हवेत तीच तुमची ओळख.

एरवी हा छंद असतो, पण संकटात तो कामाला येतो. २००१ च्या भूज भूकंपात फोन बंद पडल्यावर हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीवेळी हॅम ऑपरेटर भारती प्रसाद योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. छंदासाठी नेलेला त्यांचा रेडिओ अंदमान आणि मुख्य भूमी यांच्यातला दुवा बनला. बंगालच्या गंगासागर मेळ्यात तर हरवलेल्या यात्रेकरूंना घरच्यांशी जोडून देण्याचं काम वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लबचे हॅम करतात.

बोलता येतं, मग टेक्स्ट कशाला?

गोंगाटात बोललेलं नाव किंवा नंबर चुकीचा ऐकू येतो. टेक्स्ट स्क्रीनवर राहतं, पुन्हा वाचता येतं. शिवाय बोलायला अर्धा मिनिट लागतो, तर तोच मजकूर रेडिओ सेकंदाभरात पाठवतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, सिग्नल इतका क्षीण असला की कानाला काहीच कळत नाही, तरी कॉम्प्युटर त्यातून अक्षरं वेगळी काढू शकतो.

मेसेज जातो कसा?

कॉम्प्युटर किंवा फोन अक्षरांचं रूपांतर आवाजात करतो. रेडिओ तो आवाज लहरींवर चढवून पाठवतो. पलीकडचा रेडिओ तो ऐकतो आणि तिथला कॉम्प्युटर त्याची पुन्हा अक्षरं करतो. जुन्या डायल-अप इंटरनेटचा किर्र आवाज आठवतोय? तत्त्व तेच.

पद्धती अनेक आहेत. नवशिक्याने या चार ओळखून ठेवाव्यात:

- एपीआरएस: गावातल्या आणि तालुक्यातल्या संपर्कासाठी. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले इंजिनिअर बॉब ब्रूनिंगा यांनी ती विकसित केली. यात तुमचं ठिकाण नकाशावर दिसतं आणि ६७ अक्षरांपर्यंतचा मेसेज पाठवता येतो. पलीकडे तो मिळाला की पोच आपोआप परत येते, म्हणजे आपल्या 'दोन टिक'सारखंच.
- एफटी८: जगभर पोहोचण्यासाठी. नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ती २०१७ मध्ये आणली. प्रत्येक फेरी १५ सेकंदांची. मात्र मोकळा मजकूर फक्त १३ अक्षरांचा, त्यामुळे गप्पा होत नाहीत. कॉल साइन, ठिकाण आणि सिग्नलची ताकद एवढीच देवाणघेवाण होते.
- जेएस८कॉल: एफटी८ च्याच पायावर उभी, पण मोठे मेसेज पाठवता येतात. तिसऱ्या स्टेशनमार्फत निरोप पुढे ढकलताही येतो.
- पीएसके३१: १९९८ पासूनची, समोरासमोर टाइप करून गप्पा मारण्याची पद्धत.

नाशिक ते त्र्यंबक मेसेज जाईल का?

इथे जमिनीची रचना महत्त्वाची ठरते. एपीआरएस ज्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून ३० किलोमीटरच्या आतच आहे, पण या परिसरात अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या रांगा आहेत. हातातल्या पाच वॅटच्या सेटवरून थेट मेसेज जाईल असं गृहीत धरू नका.

यावर उपाय म्हणजे डिजिपीटर. उंचावर बसवलेलं हे स्टेशन आलेला मेसेज ऐकतं आणि तसाच पुन्हा हवेत सोडतं. डोंगराच्या दोन्ही बाजूंना दिसणारी एक योग्य जागा मिळाली, तर मधला अडथळा सुटतो. पण डिजिपीटर आपोआप उगवत नाही. परवानाधारकांनी तो उभारावा, त्याची बॅटरी सांभाळावी आणि आधी चाचणी घ्यावी लागते. मेळ्याच्या आदल्या आठवड्यात हे जमणार नाही.

एक डिजिपीटर मात्र रोज आपल्या डोक्यावरून जातो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं हॅम स्टेशन १४५.८२५ मेगाहर्ट्झवर एपीआरएस मेसेज पुन्हा प्रसारित करतं. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असतं, त्यामुळे एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं मिळतात.

मराठीत मेसेज पाठवता येतो का?

एफटी८ मध्ये नाही. तिथे फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. एपीआरएसवर काही सॉफ्टवेअर देवनागरी दाखवतात, पण जागा पुरत नाही. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ, वेलांटी असा मोजला, तर पाच चिन्हांचे १५ बाइट झाले. म्हणून आणीबाणीचे निरोप रोमन लिपीत, छोटे आणि आधी ठरवलेल्या शब्दांत लिहिणंच शहाणपणाचं.

सुरुवात कशी करायची?

*१. आधी ऐका.* यासाठी परवाना लागत नाही आणि खर्चही शून्य. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा, ७०७४ किलोहर्ट्झ लावा आणि यूएसबी हा पर्याय निवडा. एकत्र वाजणाऱ्या शिट्ट्या ऐकू येतील, तेच एफटी८. लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स हे मोफत सॉफ्टवेअर सुरू करून त्याला हा आवाज ऐकवला, तर स्क्रीनवर देशोदेशीच्या कॉल साइन उमटू लागतात. लॅपटॉपचं घड्याळ मात्र अचूक हवं. एपीआरएसची वर्दळ 'एपीआरएस डॉट एफआय' या नकाशावर पाहता येते.

*२. परवाना काढा.* परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. वय किमान १२ वर्षं हवं. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी फक्त लेखी परीक्षा असते. त्यात रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात. प्रत्येकात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. जनरल श्रेणीसाठी मोर्स कोडही यावा लागतो. नाशिककरांना परीक्षेसाठी मुंबई सोयीची. परवान्याचं शुल्क २० वर्षांसाठी १,००० रुपये, तर आजीवन २,००० रुपये असं राहिलं आहे; अर्ज करताना पोर्टलवरचा ताजा आकडा आणि नियम बघा. सुरक्षा पडताळणीत काही महिने जाऊ शकतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

*३. मग साहित्य घ्या.* एपीआरएससाठी हातात मावणारा व्हीएचएफ सेट, अँड्रॉइड फोन, 'एपीआरएसड्रॉइड' ॲप आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबल एवढ्यावर काम सुरू होतं. सेटसोबत येणारा आखूड अँटेना बदलून चांगला अँटेना उंच लावला, तर वॅट वाढवण्यापेक्षा जास्त फरक पडतो. एफटी८ साठी एचएफ सेट लागतो, तो बराच महाग असतो. त्यामुळे आधी जुन्याजाणत्या हॅमच्या घरी जाऊन बघा.

*४. पहिला मेसेज पाठवा.* ॲपमध्ये कॉल साइन टाका, स्थानिक हॅमना चालू फ्रिक्वेन्सी विचारा, आवाजाची पातळी मध्यम ठेवा आणि ओळखीच्या स्टेशनला मेसेज करा. पोच आली नाही, तर बहुतेक वेळा दोष आवाजाच्या पातळीत असतो. आवाज फार मोठा झाला की तो फाटतो आणि पलीकडे अक्षरं जुळत नाहीत.

एफटी८ वर आपलं ठिकाण चार अक्षर-आकड्यांच्या चौकटीने सांगतात. गंमत म्हणजे २० अंश अक्षांशाची रेघ नाशिक शहरातूनच जाते. त्यामुळे रामकुंड 'एमएल६०' मध्ये येतं आणि नाशिकरोड 'एमके६९' मध्ये. आपली चौकट तपासूनच टाका.

या चुका करू नका

- परवान्याशिवाय बटण दाबू नका. विनापरवाना प्रसारण हा गुन्हा आहे.
- ऑनलाइन दिसला म्हणून वॉकीटॉकी मागवू नका. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा बेकायदा विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना १३ नोटिसा पाठवल्या होत्या. सेटला मान्यता आहे का, हे आधी विचारा.
- इथे काहीही खासगी नसतं. सांकेतिक भाषा किंवा एन्क्रिप्शन चालत नाही, तुमचा मेसेज कुणीही वाचू शकतो. रुग्णाचं नाव, फोन नंबर टाकताना याचं भान ठेवा.
- दुकानाच्या ऑर्डरी, धंद्याचे निरोप पाठवायला बंदी आहे.

मेश्टॅस्टिक वेगळं कसं?

इन्स्टाग्राम रील्समध्ये दिसणारी छोटी मेश्टॅस्टिक यंत्रं भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात. त्यांना हॅम परवाना लागत नाही आणि एन्क्रिप्शनही चालतं. मित्रांच्या ट्रेकसाठी ती छान आहेत. पण ताकदीची मर्यादा कमी आणि भोवती तशीच यंत्रं असतील तरच जाळं तयार होतं.

मग कुंभमेळ्यात याचा उपयोग होईल?

हॅम रेडिओ पोलिसांच्या वायरलेसची जागा घेत नाही, आणि सेट घेऊन घाटावर स्वतःहून उभं राहणं म्हणजे मदतही नव्हे. प्रशासनाने बोलावलं, जबाबदारी ठरवून दिली आणि आधी सराव झाला, तरच उपयोग. 'घाट क्रमांक दोन, रुग्णवाहिका हवी' हा निरोप ६७ अक्षरांत आरामात बसतो. पण तो पाठवणारा, डोंगरावरचा डिजिपीटर आणि वाचणारा, हे तिघंही आधीपासून जागेवर असावे लागतात. त्यासाठी सुरुवात आज, घरच्या लॅपटॉपवर त्या शिट्ट्या ऐकण्यापासून करता येते.