जैवडिझेल
वनस्पती तेल, वापरलेले खाद्यतेल किंवा प्राणिज चरबी यांची मिथेनॉलशी विक्रिया घडवून मिळणारे डिझेल एंजिनाचे इंधन. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. पण नुसते तेल दाट असल्याने इंजेक्टरवर काजळी धरते. बी20 म्हणजे 20 टक्के जैवडिझेलाचे मिश्रण. जुन्या गाडीत ते पहिल्यांदा भरले की टाकीतला साचलेला गाळ सुटतो, फिल्टर चोंदतो. नैसर्गिक रबराच्या नळ्या फुगतात. थंडीत गोठू नये म्हणून प्रवाह सुधारणारी, साठवणीत खराब होऊ नये म्हणून ऑक्सिडीकरणरोधक पूरके घालतात. गंधक काढलेल्या डिझेलाची वंगणक्षमता घटते. 2 टक्के जैवडिझेल ही घट भरून काढते, म्हणजे येथे इंधनच पूरक ठरते. भारताच्या 2018 च्या जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत 5 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आहे. जैवडिझेलासाठी जट्रोफा या तेलबियांच्या झुडपाचा गाजावाजा मोठा झाला, तेल मात्र बेताचेच निघाले.